पाच तास म्हणजे किती?

गेल्या महिन्यात सबमिशनच्या धामधुमीत दादाचा फोन आला. एरवी त्याचा फोन म्हणजे 'पैसे पोचले का' आणि 'मेसचं नीट जेवतोस ना' एवढ्यावर संपतो. या वेळी प्रश्न वेगळाच निघाला. माझी पुतणी दहा वर्षांची आहे. लासुर्ण्याहून आठवड्यातून तीन दिवस एसटीने बारामतीला जिम्नॅस्टिक्स शिकायला येते, दोन-दोन तास. पोरगी चपळ आहे. तिच्या सरांनी सुचवलं की आता मनावर घ्यायचं असेल तर सकाळी दोन आणि संध्याकाळी तीन असे रोज पाच तास, आठवड्याचे सहा दिवस सराव हवा. वहिनीने तिला घेऊन बारामतीत खोली करून राहावं. दादा म्हणाला, "तू इंजिनिअर व्हायला निघालास ना? मग सांग, दहा वर्षांच्या पोरीला पाच तास म्हंजे लई होत्यात का न्हाई?"

मी मेकॅनिकलचा. सराव किती असावा, हे काही आमच्या सिलॅबसमध्ये नाही. पण प्रश्न डोक्यातून जाईना. लायब्ररीत बसून, नेटवर शोधून, एका हाडांच्या डॉक्टरांना विचारून जे समजलं ते इथे मांडतोय. आपल्या हॉस्टेलवरही क्रिकेट, कबड्डी खेळणारे कमी नाहीत, शिवाय स्टाफमधल्या बऱ्याच जणांची मुलं कुठल्या ना कुठल्या क्लासला जातात, तेव्हा उपयोग होईल.

पहिली गोष्ट म्हणजे 'तास' हे मापच फसवं आहे. समजा हॉलमध्ये पंधरा मुली आहेत, व्हॉल्ट एकच आहे आणि प्रत्येकीला एक मिनिट लागतं. तर तासाभरात एकीच्या वाट्याला चार उड्या येतात. तिथेच तीन मुली असतील तर वीस! घड्याळात तास एकच, पण मनगटावर आणि घोट्यावर पडणारा भार पाचपट. मल्लखांबाचंही तेच. खांब एक आणि पोरं डझनभर असली की रांगेत उभं राहणं हीच विश्रांती असते. आपले पैलवान या बाबतीत हुशार. तालमीत कुणाला सराव विचारा, तो तास सांगणार नाही; किती जोर आणि किती बैठका मारल्या ते सांगेल. क्रिकेटमध्ये इंग्लंडच्या बोर्डाने तेरा वर्षांखालच्या वेगवान गोलंदाजांना एका स्पेलमध्ये ५ आणि दिवसात १० षटकांची मर्यादा घातली, तीही मोजून, घड्याळ लावून नव्हे.

का मोजायचं? थर्ड इयरवाल्यांना एस-एन कर्व्ह आठवत असेल (ओरलला हमखास विचारतात!). एका झटक्यात तुटणार नाही एवढाच भार, पण तो हजारो वेळा दिला की धातूत बारीक तडा जातो. जिम्नॅस्टिक्समध्ये मोठ्या कोलांटीनंतर पायावर उतरताना शरीराच्या वजनाच्या दहापट किंवा त्याहूनही जास्त धक्का बसू शकतो. आमची पोर २८ किलोची. करा हिशेब. बॅक हँडस्प्रिंगमध्ये मनगटावर वजनाच्या दुपटीहून अधिक भार येतो, आणि मनगट काही उभं राहण्यासाठी बनलेलं नाही.

त्यातून मुलांच्या हाडाला एक कच्चा जोड असतो. लांब हाडांच्या टोकाशी कूर्चेची एक पट्टी असते, तिथूनच हाड लांबीला वाढतं. मोठ्या माणसाचा पाय मुरगळला तर बहुतेक वेळा स्नायुबंध ताणला जातो. मुलांत त्या बंधापेक्षा ही पट्टी कमजोर, म्हणून आधी तिलाच इजा होते. छोट्या जिम्नॅस्टच्या मनगटात अंगठ्याच्या बाजूला दुखू लागतं ते पुष्कळदा याचमुळे. दुर्लक्ष करून सराव रेटला तर त्या बाजूच्या हाडाची वाढ वेळेआधी थांबू शकते आणि शेजारचं हाड लांब राहतं. कंबर वारंवार मागे वाकवून मणक्यात बारीक तडा जाणं हे दुसरं नेहमीचं दुखणं.

पण हाड म्हणजे पोलाद नव्हे, ते स्वतःला दुरुस्त करतं. इथे माझा रूम पार्टनर, सिव्हिलचा, मदतीला आला. म्हणाला, "स्लॅब टाकल्या टाकल्या शटरिंग काढतोस का? पाणी मारतोस, थांबतोस." अगदी तसंच. भार पडल्यावर शरीर आधी हाडाचा जुना, थकलेला भाग काढून टाकतं आणि मग नवा भरतं. या मधल्या आठवड्यांत ती जागा उलट जास्तच कमकुवत असते. तेव्हाच पुन्हा ठोकत राहिलं की तडा. प्राण्यांवरच्या प्रयोगांत असंही दिसलंय की थोडेच धक्के बसल्यावर हाड प्रतिसाद देणं जवळपास बंद करतं, आणि मध्ये काही तास गेले की पुन्हा देऊ लागतं. म्हणजे सरांनी सकाळ-संध्याकाळ असे दोन भाग पाडले ते बरोबरच होतं. चुकत होती ती एकूण बेरीज.

आणखी एक मेख आहे. मुली साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास भराभर उंच होतात, मुलगे त्यानंतर दोनेक वर्षांनी. त्या काळात हाडाची लांबी पुढे पळते आणि त्यातला चुना मागून येतो. शालेय स्पर्धांचा चौदा वर्षांखालचा गट नेमका याच वयात येतो, म्हणजे सराव वाढवण्याची घाईही तेव्हाच!

आता आकडा. शिकागोच्या डॉक्टरांनी ७ ते १८ वयाच्या बाराशेच्या आसपास खेळाडू मुलांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. वयाच्या वर्षांपेक्षा आठवड्याचे सरावाचे तास जास्त असलेल्या मुलांत दुखापती जास्त आढळल्या. तसंच शिस्तीतला सराव मोकळ्या खेळाच्या दुपटीहून जास्त झाला की धोका वाढलेला दिसला. सगळ्या खेळांचा मिळून केलेला हा अभ्यास आहे, तेव्हा याला नियम म्हणू नये. आपला फॅक्टर ऑफ सेफ्टी समजावा. दहा वर्षांच्या मुलीला दहा तास. सरांचा हिशेब तीस.

मी वहीवर मांडलं. आठवड्याचे तास १६८. या वयाला रोज साडेनऊ तास झोप धरली तर ६६.५ गेले. शाळा ३६, सराव ३०. उरले ३५.५. जेवण, अंघोळ, गृहपाठ, येणं-जाणं यांना रोजचे साडेचार धरले तर ३१.५. शिल्लक चार तास! तीस तास सरावाला पंधरा तास मोकळा खेळ हवा होता. लपंडाव कधी खेळायचा, रविवारी दुपारीच?

दादाने लगेच विचारलं, "मग ती ऑलिंपिकवाली पोरं करत्यात ती कशी?" खरं आहे, जागतिक पातळीवर आठवड्याला पंचवीस-तीस तास सराव चालतो. पण तिथे फोमचे खड्डे असतात, डॉक्टर असतात, आणि टीव्हीवर दिसतात त्या टिकलेल्याच मुली. मोडून घरी गेलेल्या दिसत नाहीत. शिवाय घाई कशाची? १९९७ पासून मोठ्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत मुलींना सोळाव्या वर्षाच्या आधी उतरता येत नाही. त्रिपुराची दीपा कर्माकर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टला चौथी आली, कांस्य ०.१५० गुणांनी हुकलं, तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. आणि आशियाई अजिंक्यपद स्पर्धेचं सुवर्ण तिने २०२४ मध्ये, तिशीत मिळवलं. उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिना तर टोकियोला शेहेचाळीसाव्या वर्षी उतरली होती.

अर्थात दादाच्या डोक्यात पदकापेक्षा खेळाडूंसाठीचं सरकारी नोकरीतलं पाच टक्के आरक्षण होतं, आणि दहावीचे सवलतीचे गुण. त्यात चूक नाही. उसाच्या बिलावर भरवसा ठेवून बसलेल्या घरात हा विचार होणारच. पण सोळाव्या वर्षी मनगट गेलं तर ते आरक्षण काय कामाचं?

मग दादा आणि मी जाऊन सरांना भेटलो. आम्हाला वाटलं चिडतील. नाही चिडले; उलट वही बघून हसले आणि खुर्ची पुढे सरकवली. तासभर बोलणं झालं. ठरलं ते असं: आठवड्यातून चार दिवस, अडीच-अडीच तास. लवचिकता आणि बीमवरचं तोल सांभाळणं घरीही जमतं, तेवढं खेळता खेळता करावं. मनगट दुसऱ्या दिवशीही दुखलं तर हातावरचे प्रकार बंद, आणि डॉक्टर. दर महिन्याला दाराच्या चौकटीवर उंचीची खूण करायची. उंची एकदम वाढू लागली की उड्या कमी. खोलीचा विषय तूर्त बाजूला. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे एसटी रखडते, तेव्हा पोर घरी पोचेपर्यंत नऊ वाजतात, हा प्रश्न मात्र सुटलेला नाही. दादा मोटरसायकलवर आणतो म्हणतोय.

आणि एक छोटी वही तिलाच दिलीय, उतरलेल्या उड्या मोजायला. परवा रात्री फोन आला, "काका, आज बत्तीस." मग जरा थांबून म्हणाली, "पडले त्या पण धरायच्या का?"

म्हटलं, त्या आधी धर.