दोन गळे, दोन आजार

"डॉक्टर, आता गाणं सुटलंच म्हणायचं का?" मुरबाड तालुक्यातल्या एका भजनी बुवांनी शहापूरच्या माझ्या दवाखान्यात मला विचारले. तीन आठवड्यांचा खोकला, संध्याकाळी बारीक ताप, घटलेले वजन. सप्ताहातल्या जागरणाने आवाज बसला असेल, असे समजून त्यांनी आले-मध, हळदीचे दूध सगळे करून पाहिले होते. थुंकीच्या तपासणीत क्षय निघाला.

मी त्यांना कुमार गंधर्वांची हकिगत सांगितली. लहान वयात नाव झालेल्या या गायकाला १९४७ साली लग्न झाल्यावर थोड्याच काळात क्षयाने गाठले. जानेवारी १९४८ मध्ये ते हवापालटासाठी देवासला गेले आणि पुढची काही वर्षे त्यांना गाण्याची मनाई होती. अमेरिकेत १९४३ साली सापडलेले स्ट्रेप्टोमायसिन आपल्याकडे मिळू लागले आणि कुमारजी वाचले. एक फुप्फुस मात्र जवळजवळ निकामी झाले. उरलेल्या श्वासात बसेल अशा छोट्या, धारदार स्वरांची गायकी त्यांनी उभी केली आणि १९९२ पर्यंत गायले. औषध चार-पाच वर्षे उशिरा आले असते तर आपण काय गमावले असते, याचा विचारही करवत नाही.

दत्तात्रय विष्णु पलुसकरांच्या बाबतीत मात्र तसे झाले नाही. पं. विष्णु दिगंबरांचा हा मुलगा आपल्या कसारा घाटापलीकडच्या नाशिकचा. वडील १९३१ साली गेले, तेव्हा तो दहा वर्षांचा होता. विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांच्याकडे तो शिकला. 'बैजू बावरा' या १९५२ च्या चित्रपटात उस्ताद अमीर खाँसाहेबांबरोबरची त्यांची जुगलबंदी वाचकांनी ऐकली असेलच. ऑक्टोबर १९५५ मध्ये मेंदूज्वराने ते गेले. वय अवघे ३४. मागे राहिल्या त्यातल्या बऱ्याचशा तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या. पन्नाशीत हा गळा कसा लागला असता, हे आता कोणालाच कळणार नाही.

मेंदूज्वर म्हणजे मेंदूलाच आलेली सूज. बहुधा ती विषाणूंमुळे येते. काही विषाणू डासांमार्फत पसरतात. त्या काळी यावर नेमके औषध नव्हते. आज यातल्या एका प्रकारावर, नागीण कुळातल्या विषाणूवर, शिरेतून देण्याचे औषध आहे. पण ते लवकर सुरू झाले तरच उपयोग. ताप आणि जबर डोकेदुखी, त्यातच माणूस असंबद्ध बरळू लागला, ओळखेनासा झाला, गुंगीत गेला किंवा झटके आले, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. बाहेरची बाधा म्हणून रात्र घालवणारी शिकलेली घरेही मी पाहिली आहेत. १०८ ला फोन करा. झटक्यात तोंडात चमचा, कांदा, पाणी काही घालू नका. रुग्णाला कुशीवर वळवा.

बुवांचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. दोन महिन्यांत खोकला थांबला, भूक लागली आणि त्यांनी गोळ्या बंद केल्या! म्हसाच्या यात्रेत अचानक भेटले, तेव्हा हे कळले. मी तिथेच, बैलबाजाराच्या गर्दीत, त्यांच्यावर चिडलो. अर्धवट औषधाने जंतू निर्ढावतात आणि मग साध्या गोळ्यांना दाद देत नाहीत. पुन्हा थुंकी तपासली. सुदैवाने जंतू अजून औषधाला दबत होते. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि गोळ्या मोफत असतात, शिवाय उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिना १००० रुपये खात्यात जमा होतात. या वेळी गोळ्यांचा हिशेब सूनबाईंनी ठेवला, पूर्ण सहा महिने.

आता बुवांची पेटी काळी चारवरून काळी दोनवर आली आहे. वरचा षड्ज लावताना ते मध्येच श्वास घेतात, पण एकादशीचे भजन चुकवत नाहीत.