मॅकबेथला झोप का लागत नाही?



आपल्या वर्गातल्या मोठ्या मुलामुलींना शाळेत शेक्सपिअरचे 'मॅकबेथ' अभ्यासाला आहे. खुनानंतर मॅकबेथला आणि त्याच्या बायकोला वाटणारी भीती आणि अपराधीपणा हा त्यावरचा नेहमीचा प्रश्न. मुले इंग्रजीत त्यावर दोन-तीन पाने सहज लिहितात. पण घरी आजीने विचारले, "काय रे, काय आहे त्या नाटकात?" की "एक माणूस राजाला मारतो आणि मग वेडा होतो," एवढ्यावर गाडी थांबते. आम्ही पेशाने संगणक अभियंते, साहित्याचे पंडित नव्हे. तरीही हा प्रश्न मराठीत मांडून पाहावा असे वाटले, कारण या विषयावर आपल्या भाषेत भरपूर शब्द आहेत आणि ते मुलांच्या कानावर पडायला हवेत.

आधी गोष्ट, थोडक्यात. स्कॉटलंडचा शूर सरदार मॅकबेथ लढाईहून परतताना तीन चेटकिणी त्याला भेटतात आणि तू राजा होशील असे सांगतात. मग राजा डंकन एका रात्री त्याच्या किल्ल्यात पाहुणा म्हणून उतरतो. बायकोच्या आग्रहाने मॅकबेथ झोपलेल्या राजाला खंजिराने मारतो आणि स्वतः राजा होतो. पुढचे सगळे नाटक म्हणजे त्या एका रात्रीचा परिणाम.

खरा मॅकबेथ इतिहासात होऊन गेला. त्याने इ. स. १०४० मध्ये डंकनला मारले हे खरे, पण ते लढाईत. त्यानंतर त्याने १७ वर्षे राज्य केले. मग झोपेतला खून आला कुठून? शेक्सपिअरने हॉलिन्शेडची बखर वाचली होती. तिच्यात डफ नावाच्या दुसऱ्याच एका राजाची हकीगत आहे. त्याला त्याच्या विश्वासातल्या डोनवाल्डने, बायकोच्या सांगण्यावरून, आपल्याच किल्ल्यात रात्री मारविले. शेक्सपिअरने ही हकीगत उचलून मॅकबेथला चिकटवली. आमच्या मते यातच नाटकाची किल्ली आहे. रणांगणावर शत्रूला मारले तर मन खात नाही. घरी आलेल्या, झोपलेल्या, आपल्यावर विश्वास टाकलेल्या म्हाताऱ्याला मारले तर खाते.

"मन खाते" हा आपला वाक्प्रचार मुलांनी लक्षात ठेवावा. मन आतून कुरतडते, असा त्याचा अर्थ. त्याच्या शेजारचे शब्द म्हणजे टोचणी, खंत, पश्चात्ताप. भीतीचे शब्द वेगळे : धास्ती, धडकी, धसका. परीक्षेत गल्लत होते ती इथेच. भीती पुढे पाहते, 'आता माझे काय होईल?' असे विचारते. टोचणी मागे पाहते, 'मी हे काय केले?' असे विचारते. मॅकबेथच्या मनात सुरुवातीला दोन्ही एकत्र असतात आणि नाटकभर ती हळूहळू वेगळी होत जातात.

खून रंगमंचावर दिसत नाही, ही गोष्ट फार महत्त्वाची. दुसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात आपण बायकोबरोबर बाहेर थांबतो. घुबड ओरडते, रातकिडे किरकिरतात, ती प्रत्येक आवाजाला दचकते. मग मॅकबेथ येतो. त्याचे हात रक्ताने माखलेले आहेत आणि खंजीर तो चुकून बरोबर घेऊन आला आहे. आता त्याचे बोलणे नीट वाचा. पकडले जाऊ, असे तो म्हणत नाही. शेजारच्या खोलीत कोणी झोपेतून उठून प्रार्थना केली, तेव्हा त्याला 'आमेन' म्हणायचे होते आणि तो शब्द घशातच अडकला, हे त्याला पुन्हा पुन्हा सांगायचे आहे. मग एक आवाज ऐकू आल्याचे तो सांगतो : मॅकबेथने झोपेचाच खून केला, आता त्याला झोप मिळणार नाही. खंजीर परत ठेवून ये, असे बायको म्हणते तर तो साफ नकार देतो. केलेले पुन्हा डोळ्यांनी पाहण्याची त्याची हिंमत नाही. एवढ्यात किल्ल्याच्या दारावर थाप पडते आणि प्रेक्षकही दचकतो. या थापांवर थॉमस डी क्विन्सी या लेखकाने १८२३ साली एक स्वतंत्र निबंध लिहिला. खुनाच्या वेळी जणू थांबलेले रोजचे जग या थापांबरोबर पुन्हा सुरू होते आणि तेव्हाच घडलेल्या गोष्टीची भयानकता अंगावर येते, असे त्याचे म्हणणे. आम्हांला ते पटते.

बाहेरून पाहिले तर मॅकबेथला घाबरायचे काही कारण नाही. राजाचे दोन्ही मुलगे जिवाच्या भीतीने पळून जातात, एक इंग्लंडला, दुसरा आयर्लंडला. त्यामुळे संशय त्यांच्यावरच येतो. पहारेकऱ्यांना रक्त फासून ठेवलेले असतेच, आणि त्यांनी तोंड उघडण्याआधी मॅकबेथ त्यांनाही मारून टाकतो. राज्याभिषेक रीतसर होतो. तरी त्याची भीती वाढतच जाते. का? याचे उत्तर आपल्या आजीला तोंडपाठ आहे : चोराच्या मनात चांदणे. रात्र कितीही काळोखी असली तरी चोराला वाटते की लख्ख चांदणे पडले आहे आणि सगळे आपल्याकडेच बघत आहेत. तशीच दुसरी म्हण, खाई त्याला खवखवे. आणि तिसरी, कर नाही त्याला डर कशाला?

ही तिसरी म्हण मॅकबेथला लावून पाहा. त्याने 'कर' केले आहे, म्हणून 'डर' आहे, इथपर्यंत हिशेब जुळतो. पण पुढे तो डर घालवण्यासाठी आणखी कर करतो. मित्र बँको याच्यावर मारेकरी घालतो, कारण चेटकिणींचे बोलणे बँकोनेही ऐकले होते. बँको मरतो, त्याचा मुलगा निसटतो, म्हणजे धास्ती तशीच राहते. मेजवानीत बँकोचे भूत मॅकबेथच्या जागेवर येऊन बसते. इतर कोणालाच ते दिसत नाही. भर सभेत राजा रिकाम्या खुर्चीशी भांडतो आणि जे लपवायचे तेच उघडे पडत जाते. आमच्या संगणकाच्या धंद्यात हा प्रकार रोजचा आहे. एक दोष झाकण्यासाठी वरून ठिगळ लावायचे, त्या ठिगळाने दोन नवे दोष निर्माण होतात, मग त्यांना ठिगळे. मूळ दोषापर्यंत जायची कोणाची तयारी नसते. (फरक एवढाच की आमच्याकडे यात कोणी मरत नाही, फक्त शनिवार-रविवार जातो.)

आणि मग म्हण उलटी पडते. बँकोनंतर मॅकडफची निरपराध बायको आणि मुले मारली जातात. आता मॅकबेथला टोचणी नाहीच. शेवटच्या अंकात बायकांचा आक्रोश ऐकूनही तो दचकत नाही, आणि भीतीची चवच विसरल्याचे तो स्वतः सांगतो. कर शिगेला पोहोचले आणि डर संपला. पहिल्या रात्री 'आमेन' घशात अडकणारा मॅकबेथ भेदरलेला होता, पण माणूस होता. भीती जाणे ही त्याची सुटका आहे की सगळ्यात मोठी शिक्षा, यावर मुलांनी आपले मत बनवावे. परीक्षकालाही ते वाचायला आवडेल.

बायकोचे बरोबर उलटे होते. आलेखाच्या कागदावर दोघांच्या टोचणीच्या दोन रेषा काढल्या तर त्याची वरून खाली येते, तिची शून्यातून वर जाते, आणि मध्ये कुठेतरी त्या एकमेकींना छेदतात. खुनाच्या रात्री थोडेसे पाणी घेतले की झाले, असे तिचे मत. पण त्याच रात्री तिने एक गोष्ट ओझरती सांगितली होती, जी बरीच मुले वाचताना सोडून देतात : झोपलेला राजा तिला आपल्या वडिलांसारखा दिसला, नाहीतर तिनेच त्याला मारले असते. म्हणजे भेग आधीपासून होती. पाचव्या अंकात ती झोपेत चालते, रात्रभर जवळ दिवा लागतो, आणि हात धूत राहते. डाग जात नाही, वासही जात नाही. ज्या बाईने पाण्यावर भरवसा ठेवला तिलाच पाणी पुरत नाही. भाषाही बदलते. एरवी पद्यात बोलणारी राणी इथे तुटक गद्यात बोलते. ते ऐकणारा वैद्य म्हणतो की हिला वैद्यापेक्षा धर्मगुरूची गरज आहे.

१७८५ साली लंडनला सारा सिडन्स या नटीने याच प्रवेशात हातातली मेणबत्ती खाली ठेवली. तोपर्यंत नट्या ती धरूनच प्रवेश करीत. पण मेणबत्ती धरून दोन्ही हात चोळणार कसे? साधा व्यवहारी विचार, आणि तेव्हापासून ते हात धुणे प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर आले.

हात धुतल्याने मन खरेच हलके होते का? २००६ साली दोन संशोधकांनी प्रयोग केला. काही जणांना आपले चांगले कृत्य आठवायला सांगितले, काहींना वाईट. मग भेट म्हणून पेन्सिल किंवा जंतुनाशक रुमाल यांतून निवड करायला सांगितले. वाईट कृत्य आठवणाऱ्यांनी रुमाल जास्त उचलला. याला 'मॅकबेथ परिणाम' असे नाव पडले. पण पुढे इतरांनी यातले प्रयोग पुन्हा करून पाहिले तेव्हा तसाच निकाल मिळाला नाही, आणि २०१४ साली तसे प्रसिद्धही झाले. शेक्सपिअरचे निरीक्षण जास्त टिकले म्हणायचे!

पण आम्हांला सगळ्यात अस्वस्थ करते ती वेगळीच गोष्ट. सुरुवातीला हे नवरा-बायको एकमेकांना सगळे सांगतात, तो तर लढाईवरून पत्र लिहितो. बँकोच्या वेळी मात्र तो तिला काहीच कळू देत नाही. मेजवानीनंतर दोघे एकत्र बोलताना पुन्हा दिसतच नाहीत. तो जागा, ती झोपेत चालणारी, आणि तिची गोष्ट ऐकायला वैद्य आणि दासी. तिच्या मृत्यूची बातमीही त्याला दुसऱ्याकडून कळते.

पालकांना हे नाटक मराठीतून वाचायचे असेल तर शि. म. परांजपे यांचे 'मानाजीराव' आणि वि. वा. शिरवाडकरांचे 'राजमुकुट' ही रूपांतरे आहेत. मुलांकडे शाळेची प्रत आहेच. दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश आणि पाचव्याचा पहिला, एवढे दोनच एका संध्याकाळी घरी मोठ्याने वाचा. अर्धा तास पुरतो. वैद्याची भूमिका बाबांनी घ्यावी, तिच्यात पाठ करायला फार नाही. आणि दारावरच्या थापा धाकट्या भावंडाला द्या, ते काम ती मनापासून करतात.