ऊसमळ्यावरचा दंतवैद्य

पोर्ट मोरंट हे नाव आपल्याकडे कुणाला ठाऊक असलंच, तर ते क्रिकेटपटू रोहन कन्हायमुळे. तेव्हाच्या ब्रिटिश गयानातल्या याच ऊसमळ्यावर २२ मार्च १९१८ रोजी छेदी जगन जन्मले. घराणं उत्तर प्रदेशातल्या बस्ती जिल्ह्यातून गेलेल्या गिरमिटियांचं, म्हणजे करारबद्ध मजुरांचं, वडील मळ्यावर मुकादम. १९३६ मध्ये त्यांनी मुलाला अमेरिकेला धाडलं. आधी वॉशिंग्टनचं हॉवर्ड विद्यापीठ, मग शिकागोचं नॉर्थवेस्टर्न. लिफ्ट चालवून, पडेल ते काम करून जगन १९४२ मध्ये दंतवैद्य झाले. पुढच्याच वर्षी जॅनेट रोझेनबर्गशी लग्न केलं. ती परिचारिकेचं शिक्षण घेत होती. जॉर्जटाउनला दवाखाना निघाला आणि रुग्णाच्या खुर्चीशेजारी मदतीला जॅनेट उभी राहिली.

जगन यांच्यावरच्या लेखनात हा दवाखाना एका ओळीत उरकला जातो. मला तो फार महत्त्वाचा वाटतो. बहुतेक साखरमळे बुकर कंपनीचे. लोक त्या वसाहतीला ‘बुकर्स गयाना’च म्हणत. मास्तर असो की कारकून, तोंड उघडलं की नोकरीवर पाणी. जगन यांचं पोट मात्र मळेवाल्यांच्या हाती नव्हतं. १९४७ मध्ये, तिशीच्या आत, ते विधिमंडळात निवडून आले.

पुढच्याच वर्षी एन्मोर मळ्यावरचा संप झाला. पूर्वी तोडकऱ्याने ऊस तोडून जागेवर टाकायचा आणि भरणाऱ्यांनी तो उचलायचा, अशी रीत होती. मळेवाल्यांनी ती मोडली. आता तोडणाऱ्यानेच मोळी डोक्यावर घेऊन कालव्यातल्या पडावात भरायची. आपल्याकडच्या ऊसतोड कामगाराला यातला जाच वेगळा सांगायला नको. १६ जून १९४८ रोजी पोलिसांनी गोळ्या झाडल्या, पाच मजूर गेले. अंत्ययात्रा एन्मोरहून जॉर्जटाउनपर्यंत सोळा मैल पायी चालली आणि तिच्या अग्रभागी जगन होते.

१९५० मध्ये आफ्रिकी वंशाचे नेते फोर्ब्स बर्नहॅम यांच्यासोबत पीपल्स प्रोग्रेसिव्ह पार्टी उभी राहिली. १९५३ मध्ये सर्वांना मताधिकार मिळाला आणि पक्षाने २४ पैकी १८ जागा जिंकल्या. १३३ दिवसांत ब्रिटिशांनी सैन्य उतरवलं आणि राज्यघटनाच स्थगित केली. जगन यांना जॉर्जटाउनबाहेर पडायची बंदी झाली. एप्रिल १९५४ मध्ये ते बंदी झुगारून माहायकोनीला गेले. तिथेही त्यांचा दातांचा दवाखाना होता. अटक झाली, सहा महिन्यांची शिक्षा लागली.

बर्नहॅम १९५५ मध्ये फुटले. त्या फुटीने भारतीय आणि आफ्रिकी वंशाच्या मजुरांत जी दरी पाडली, तिची किंमत देश आजही मोजतो आहे. १९५७ आणि १९६१ मध्ये जगन पुन्हा जिंकले. जॅनेट १९५७ नंतर कामगार, आरोग्य आणि गृहनिर्माण खात्याच्या मंत्री झाल्या. ऑक्टोबर १९६१ मध्ये जगन अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींना भेटले, पण आपला समाजवाद त्यांनी झाकला नाही. मुत्सद्देगिरीत हे चुकलंच, तरी तेवढ्यासाठी एखाद्या देशाचं सरकार उलथवायचं नसतं. जगन सरकारविरुद्धचा १९६३ चा ८० दिवसांचा संप सीआयएच्या पैशावर लांबला. १९६४ मध्ये मतदानाची पद्धत बदलली. ५३ पैकी सर्वाधिक २४ जागा मिळूनही बहुमत हुकलं, जगन सत्तेबाहेर राहिले, आणि मग २८ वर्षं विरोधी बाकावर. त्या काळात निवडणुका उघड लुटल्या गेल्या. केनेडींचे सल्लागार आर्थर श्लेसिंगर यांनी १९९० मध्ये आपल्या वाट्याच्या चुकीबद्दल जगन यांच्यासमोर खेद व्यक्त केला.

ऑक्टोबर १९९२ मध्ये जिमी कार्टर यांच्या देखरेखीखाली मतदान झालं. ७४ व्या वर्षी जगन राष्ट्राध्यक्ष झाले. ६ मार्च १९९७ रोजी त्यांचं निधन झालं. त्याच डिसेंबरात जॅनेट राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्या आणि ऑगस्ट १९९९ पर्यंत, प्रकृतीने साथ दिली तोवर, त्या पदावर राहिल्या.