पारावर चढायला उतार हवा

गावोगावी फिरताना पार रिकामे दिसतात आणि म्हातारी माणसं घरात. विचारलं तर म्हणतात, "साहेब, पायऱ्या चढवत नाहीत." मग बोलणं तुटतं, चालणं थांबतं, माणूस खचतो.

इलाज सोपा आहे. एक फूट उंचीला बारा फूट लांब, असा खरखरीत उतार करा. धरायला लोखंडी पाइप लावा. झाडाच्या मुळ्या मात्र तोडू नका. पाठ टेकेल असा दीड फूट उंच कट्टा, पाण्याचा रांजण, जवळच शौचालय हवं. शेजारी कमरेइतक्या उंचीवर मेथी-पालकाचे वाफे करा. न वाकता हात चालतील.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, येत्या ग्रामसभेत हा विषय घ्याच. उद्या त्या कट्ट्यावर आपल्यालाच बसायचं आहे.