शाळाप्रवेशाची मुलाखत : पालकांनी कशी तयारी करावी?

नाताळचा सण जवळ येऊ लागला की धर्मग्रामांतील अनेक तरुण पालकांच्या मनात एक चिंता घर करते. ‘बाळाला कोणत्या शाळेत घालावे?’ हा प्रश्न सुटतो न सुटतो तोच ‘मुलाखतीत काय विचारतील?’ हा प्रश्न पुढे उभा राहतो. मग साडेतीन वर्षांच्या लेकराला रंगांची, फळांची व प्राण्यांची इंग्रजी नावे घोकून घेण्याचा सपाटा सुरू होतो. आजीला ‘आजी’ म्हणण्याचीही चोरी होते. ही सारी धावपळ खरोखर आवश्यक आहे काय?

कायदा काय सांगतो?

‘बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९’ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या कलम १३ नुसार प्रवेश देताना मुलाची अथवा पालकांची चाळणी लावण्यास, तसेच कॅपिटेशन फी घेण्यास मनाई आहे. चाळणी लावणाऱ्या शाळेस पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत व त्यानंतर प्रत्येक वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आपल्या ख्रिस्ती संस्थांच्या बहुतेक शाळा मात्र अल्पसंख्याक शाळा आहेत. राज्यघटनेच्या कलम ३० चा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी हा अधिनियम अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही, असा निर्णय दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठाने त्या निर्णयाच्या फेरविचाराचा प्रश्न सरन्यायाधीशांपुढे पाठविला. म्हणूनच काही शाळांत पालकांना व मुलाला भेटीसाठी बोलावले जाते. तिला कोठे ‘मुलाखत’ म्हणतात, तर कोठे ‘परिचय’ वा ‘संवाद’. देणगीच्या बाबतीत मात्र महाराष्ट्रात १९८७ चा कॅपिटेशन फी मनाई कायदाही आहे. तेव्हा ‘पैसे भरा म्हणजे काम होईल’ असे सांगणाऱ्या मध्यस्थाच्या नादी कोणीही लागू नये.

कागदपत्रे आधी, पाठांतर नंतर

ऐन वेळी धांदल उडते ती बहुधा उत्तरांपायी नव्हे, तर कागदांपायी. जन्मदाखला, आधार कार्ड, लसीकरणाची नोंद, राहण्याचा पुरावा व छायाचित्रे एका फाईलमध्ये क्रमाने लावून ठेवावीत. ख्रिस्ती व्यवस्थापनाच्या शाळांत बाप्तिस्म्याचा दाखला व धर्मगुरूंचे पत्रही मागितले जाऊ शकते. दाखला ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला तेथूनच मिळतो. त्यामुळे ज्यांनी घर बदलले आहे त्यांनी तो पुरेसा आधी मागवावा. जन्मदाखल्यावरील व बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरील नाव, आडनाव व जन्मतारीख तंतोतंत जुळते की नाही हे अवश्य पाहावे. ‘डिसोजा’ आणि ‘डिसूजा’ यांतील एका अक्षराचा फरक पुढे दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत पाठलाग करतो.

वयाची अटही तपासावी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पहिलीच्या प्रवेशासाठी सहा वर्षे वय अपेक्षित आहे. त्यावरून मागे मोजत गेल्यास बालवर्गाचे वय कळते. मुलाला घाईने वर्षभर आधी शाळेत ढकलण्यात कोणताही लाभ नाही.

मुलाची तयारी

लहान मुलाशी बोलताना शिक्षक सहसा त्याचे ज्ञान मोजत नाहीत. ते मूल अनोळखी माणसाकडे पाहते काय, साधी सूचना समजते काय, त्याला ऐकू व दिसू नीट येते काय, पालकांपासून थोडा वेळ दूर राहू शकते काय, एवढेच ते पाहतात. घोकलेली उत्तरे येथे उलट अडचणीची ठरतात. ‘तू कशाने आलास?’ असे विचारल्यावर ‘माय नेम इज...’ असे सुरू करून वडिलांच्या नावापर्यंत एका दमात पोहोचणारे मूल काय दाखविते? पाठांतर झाले आहे. संभाषण मात्र झालेले नाही, हेच.

म्हणून रोज थोडा वेळ मुलाशी निवांत बोलावे. बाजारात नेऊन भाज्या ओळखू द्याव्यात. गोष्ट सांगून ‘मग पुढे काय झाले?’ असे विचारावे. आपला डबा आपण उघडणे, चप्पल घालणे, शौचास जायचे असल्यास सांगणे या सवयी लावाव्यात. घरी सामवेदी, वाडवळी, कोकणी अथवा मराठी, जी भाषा बोलली जाते ती निःसंकोच बोलावी. जे मूल आपल्या भाषेत मोकळे बोलते, ते दुसरी भाषाही लवकर शिकते.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी ‘उद्या परीक्षा आहे’ असे सांगू नये. ‘आपण एक शाळा पाहायला जाणार आहोत’ एवढेच पुरे.

प्रत्यक्ष भेटीच्या वेळी

मुलाला पोटभर खाऊ घालून, स्वच्छ व सोयीचे कपडे घालून न्यावे. टोचणारा नवा फ्रॉक वा घट्ट बूट नकोत. दहा-पंधरा मिनिटे आधी पोहोचावे व मोबाईल बंद ठेवावा. आई-वडील दोघांनीही जाणे उत्तम. ते शक्य नसल्यास कारण साधेपणाने सांगावे.

प्रश्न मुलाला विचारला असता पालकांनी उत्तर देऊ नये, खुणावू नये, डोळे वटारू नयेत. मूल रडले अथवा गप्प राहिले तरी त्याबद्दल क्षमा मागत बसू नये. लहान मुले रडतात हे शिक्षकांना ठाऊक असते.

पालकांना ‘हीच शाळा का?’, ‘घरी मुलाबरोबर वेळ कोण घालविते?’, ‘मूल हट्ट करते तेव्हा काय करता?’ असे प्रश्न येऊ शकतात. उत्तरे थोडक्यात व खरी द्यावीत. इंग्रजी येत नसेल तर नम्रपणे मराठीत बोलावे. मोडक्या इंग्रजीच्या धडपडीत आपल्याच मुलासमोर आपण ओशाळवाणे होतो, आणि ते मूल पाहत असते. मुलाला दमा, फिट्स, उशिरा बोलणे अशी काही अडचण असल्यास ती लपवू नये. पुढे त्याची काळजी त्याच शिक्षकांना घ्यायची असते. फी, बस, सुट्या व अभ्यासक्रम यांविषयी आपणही अवश्य विचारावे.

निकालानंतर

प्रवेश मिळाला नाही तर धर्मगुरूंकडे शिफारशीसाठी खेटे घालू नयेत. जागा थोड्या व अर्ज पुष्कळ असतात, आणि शिफारशीने मिळालेली जागा दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाची असते. दोन-तीन शाळांत अर्ज केलेला असावा, त्यांत जवळची मराठी शाळाही असावी.

परत येताना रस्त्यात ‘तू का बोलला नाहीस?’ हा प्रश्न मात्र मुलाला कधीही विचारू नये. शाळेने नाकारले हे ते चार दिवसांत विसरेल; आईबाबांनी नाकारले असे वाटले, तर ते विसरणार नाही.