पाचव्या दिवसाचा गर्भ

तोक्योला खेटून असलेल्या इचिकावा शहरातला ग्योतोकु हा भाग. तोझाई मेट्रोने तोक्योत कामाला जाणारी बरीच भारतीय कुटुंबे इथे राहतात, त्यांत मराठीही आहेत. मूल होत नाही म्हणून उपचार घेणाऱ्या जोडप्याच्या हाती एक दिवस ‘४एबी’ असा शेरा पडतो, आणि परीक्षेचा निकाल लागावा तसे घर त्या अक्षरांवर सुखावते किंवा खचते.

हा शेरा ब्लास्टोसिस्टचा, म्हणजे फलनानंतर पाचव्या दिवशीच्या गर्भाचा. आकडा तो किती फुगला हे सांगतो. पहिले अक्षर आतल्या पेशींच्या पुंजक्याचे, ज्यातून बाळ घडते. दुसरे बाहेरच्या थराचे, ज्यातून पुढे वार तयार होते.

एकाच पेशीपासून निघालेल्या या पेशींत बाळ कोणी व्हायचे आणि वार कोणी, हे ठरते कसे? पोलंडच्या तार्कोव्स्की आणि व्रूब्लेव्स्का यांनी १९६७ मध्ये मांडले की पेशी आत आहे की बाहेर, यावर ते ठरते. पण पेशीला आपली जागा कळते कशी, हे कोडे उरलेच. त्याचा मोठा भाग जपानमध्ये सुटला. कोबेच्या रिकेन संस्थेत हिरोशी सासाकी यांच्या गटाने २००९ मध्ये उंदराच्या गर्भात दाखवले, की बाहेरच्या पेशींत ‘याप’ हे प्रथिन केंद्रकात शिरते आणि ‘टीड४’च्या जोडीने वारेकडे नेणारी जनुके जागी करते. आतल्या पेशींत ‘हिप्पो’ नावाची संदेशयंत्रणा त्याला केंद्रकाबाहेरच अडवून धरते. पुढे सासाकी आणि मासाकाझू हाशिमोतो यांना २०१९ मध्ये आणखी एक गोष्ट दिसली: आतल्या पुंजक्यातल्या मागे पडलेल्या पेशी शेजारच्या सरस पेशींपुढे टिकत नाहीत, मरून जातात. गर्भ स्वतःच स्वतःची निवड करत असतो. मला हे संशोधन फार मोलाचे वाटते.

म्हणूनच त्या अक्षरांना निकाल मानू नये. शेरा सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या रूपाचा असतो. गुणसूत्रे त्यात दिसत नाहीत. ‘सी’ शेऱ्याच्या गर्भातूनही निरोगी मुले जन्मली आहेत.

शरीराबाहेर गर्भ वाढवण्याचा हा उपचार भारतालाही नवा नाही. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. पालिकेच्या रुग्णालयात हे घडले, तरी आपल्याकडे हा उपचार आजही बहुतेकांना पदरमोड करूनच घ्यावा लागतो. जपानने एप्रिल २०२२ पासून तो सार्वजनिक आरोग्य विम्यात आणला. रुग्णाने भरायचा वाटा साधारण ३० टक्के, आणि इथल्या विम्यात असलेल्या परदेशी रहिवाशांनाही तो लाभ मिळतो.

मात्र वयाची अट कडक आहे. उपचार सुरू करताना स्त्रीचे वय ४३ च्या आत हवे. पहिल्यांदा सुरुवात ४० च्या आत केली असेल तर एका मुलासाठी ६ वेळा गर्भ गर्भाशयात सोडता येतो, ४० नंतर फक्त ३ वेळा. ग्योतोकुतल्या मराठी जोडप्यांनी घरच्यांच्या संकोचापायी ही वर्षे वाया घालवू नयेत. वेळेत डॉक्टरांना भेटावे.