कारवान कुत्रा: उगम, रूप, स्वभाव आणि तीन वेगळे पुरावे

दिवाळीत घिवलीला घरी गेले होते. चुलतभावाने फोनवर एका पिल्लाचा फोटो दाखवला आणि म्हणाला, "ताई, कारवान घेतोय. विकणारा म्हणतो अरबी रक्त आहे, मालकाशी इमानी आणि परक्याला उभा फाडतो. तू पीएचडी करतेस ना, सांग, हे खरं का?"

माझी पीएचडी माशांच्या जनुकांवर आहे, कुत्र्यांवर नाही. तरी प्रश्न डोक्यात राहिला, कारण विकणाऱ्याच्या त्या एका वाक्यात तीन वेगळे दावे होते: उगम, रूप आणि स्वभाव. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर दावे असे सुटे करणं हीच पहिली पायरी. प्रत्येक दाव्याला पुरावा वेगळा लागतो.

त्याआधी नावाचा घोळ. आपल्याकडे सांगली, कोल्हापूर, सोलापूर भागात लोक याला कारवान किंवा करवानी म्हणतात, लांब केसांचा असेल तर पशमी. सीमेपलीकडे, बागलकोट जिल्ह्यात, तोच मुधोळ. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याची नोंद 'कारवान हाउंड' म्हणून करतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब 'मुधोळ हाउंड' म्हणून. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात हा मुधोळ नावाने आहे. तुम्ही एकाच नावाने शोध घेतलात तर अर्धं साहित्य हातातून निसटेल. विषय कुठलाही असो, शोधायला बसण्याआधी त्या गोष्टीची सगळी नावं कागदावर लिहून घ्या.

आता उगम. दोन गोष्टी सतत सांगितल्या जातात. एक, मध्य आशिया आणि अरबस्तानातून आलेल्या काफिल्यांबरोबर हे कुत्रे दख्खनमध्ये आले, म्हणून 'कारवान'. दुसरी, मुधोळ संस्थानच्या राजे मालोजीराव घोरपडे यांनी स्थानिक शिकारी लोकांकडचे कुत्रे पाहिले, त्यांची पैदास वाढवली आणि राजा पाचवा जॉर्ज याला भेट दिले. दुसरी गोष्ट पैदाशीबद्दल आहे, मूळ वंशाबद्दल नाही. पहिली वंशाबद्दल आहे, पण तिचा आधार मुख्यतः नाव आणि दिसणं. सलुकीसारखा दिसतो, म्हणून सलुकीचा वंशज.

इथे सावध व्हा. २०१७ साली १६१ जातींच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध झाली. त्यात सलुकी आणि अफगाण हाउंड एका शाखेत पडले, तर ग्रेहाउंड ब्रिटनच्या मेंढपाळ कुत्र्यांच्या शाखेत. दिसायला भावंडं, पण घराणी वेगळी. पळणाऱ्या शिकारीमागे धावायचं काम असेल तर माणूस लांब पायांची, बारीक कंबरेची पिल्लं निवडत जातो, आणि वेगवेगळ्या ठिकाणी सारखंच शरीर तयार होऊ शकतं. म्हणून कारवानचं अरबी रक्त अशक्य नाही, पण नुसता चेहरा हा त्याचा पुरावा नाही.

रूपाचा दावा त्या मानाने सोपा, कारण तो मोजता येतो. लांब अरुंद डोकं, खोल छाती, आत ओढलेलं पोट, लांब पाय, डोक्यालगत पडलेले कान, खांद्यापाशी उंची ७० सेंमीच्या आसपास. पट्टी घेऊन कुणीही पडताळावं. केसांचं कोडं मात्र छान आहे. कुत्र्यांच्या केसांतला बहुतेक फरक तीन जनुकांवरून समजतो, हे २००९ साली दाखवलं गेलं. त्यातल्या एफजीएफ-५ या जनुकाचं लांब केसांचं रूप आई आणि बाप दोघांकडून आलं तरच केस लांब होतात. हाच नियम इथे लागत असेल तर दोन आखूड केसांच्या कारवानांना पशमी पिल्लू होऊ शकतं, आणि त्यावरून कुणी "रक्त भेसळीचं" म्हणत असेल तर तो चुकतोय. पीएचडीचा प्रश्न असाच असावा: लहान, आणि खरा की खोटा हे तपासता येणारा.

शेवटी स्वभाव. घोळ खरा इथे आहे. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, असं आपण म्हणतो. म्हणजे स्वभाव जन्माचा. २०२२ साली 'सायन्स' मध्ये आलेल्या अभ्यासात १८,००० हून जास्त कुत्र्यांच्या मालकांनी प्रश्नावली भरली, आणि २,००० हून जास्त कुत्र्यांचे जनुक वाचले गेले. कुत्र्याकुत्र्यांमधल्या वागण्याच्या फरकापैकी सरासरी जेमतेम ९ टक्के फरक जातीवरून समजला. माणसाचं ऐकण्याची तयारी जातीशी थोडी जुळली. किती पटकन चिडतो हे जवळजवळ नाही.

याचा अर्थ "स्वभाव रक्तात नसतोच" असा काढू नका. त्याच अभ्यासात वागण्याचे कित्येक गुण बऱ्यापैकी आनुवंशिक निघाले. पिल्लाला आईबापाकडून बरंच काही मिळतं. जातीच्या शिक्क्यावरून ते ओळखता येत नाही, एवढंच. आनुवंशिक आणि जातीगत हे दोन शब्द वेगळे आहेत, मुलाखतीत हमखास गोंधळ होतो. मर्यादाही लिहून ठेवा: कुत्रे बहुतेक अमेरिकेतले, घरात पाळलेले, आणि वागणूक मालकांनी सांगितलेली. कारवानवर हा आकडा जसाच्या तसा चिकटवता येणार नाही.

भावाला मी एवढंच सांगितलं, की जात विचारण्यापेक्षा पिल्लाची आई बघ, आणि ते कुठे, कसं वाढलंय ते विचार. तो बघून आला. आई आखूड साखळीला बांधलेली, हात पुढे केला की मागे सरकणारी. विकणारा म्हणाला, "शुद्ध कारवान असाच असतो." भाऊ परत आला. आमचं अंगण म्हणजे दोन घरांमधली बोळ, पुढे वाळत घातलेले बोंबील. धावायला बनलेलं जनावर तिथे दिवसभर बांधून ठेवायचं, हे त्यालाही पटेना.

अंगणात एक गावठी कुत्री आधीच असते, लाल, ताठ कानांची. तिला सगळे 'मिक्स' म्हणतात. २०१५ साली ३८ देशांतल्या ५४९ गावठी कुत्र्यांचा अभ्यास झाला, आणि भारतातल्या कुत्र्यांत युरोपीय जातींची भेसळ जवळजवळ सापडली नाही. म्हणजे तीही कशाची मिसळ नाही, तिचा स्वतःचा जुना वंश आहे. त्याच अभ्यासाने कुत्र्यांच्या उगमासाठी मध्य आशियाकडे बोट दाखवलं. इतर अभ्यास वेगळ्या जागा सांगतात, तो वाद चालू आहे.

तुमच्यासाठी गृहपाठ: आपल्या विषयातलं, सगळे बिनधास्त म्हणतात असं एक वाक्य घ्या. त्यात किती दावे आहेत ते मोजा, आणि प्रत्येकासमोर लिहा की तो कशाने खोटा ठरेल. ज्याच्यासमोर काहीच लिहिता येत नाही, तो सध्या प्रस्तावात घालू नका.